परीक्षेतला पाहुणा

आता काय सांगू तुम्हाला, बासष्टाव्या वर्षी मी नापास झाले! आणि कशात? तर पाहुण्याला चहा विचारण्यात. खानदेशातली बाई चहा विचारण्यात नापास! अजून माझ्या डोक्यात शिरत नाही.

झालं असं. आमचा मुलगा जर्मनीत असतो. म्हणाला, "आई, तुम्ही दोघं आता कायमचं इकडेच या." नात सहा वर्षांची, तिला जर्मन सोडून काही येत नाही. फोनवर ती काहीतरी चिवचिवते, मी नुसती मान हलवते, मग कंटाळून ती पळते. म्हटलं, तिकडे जाऊन मुक्यासारखं बसायचं तर आपलं जळगाव काय वाईट? मी भाषा शिकणार.

आमचे हे पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी. गल्ली त्यांना नाना म्हणते. म्हणाले, "ह्या वयमा? पोऱ्या शे ना तठे बोलाले!"

"पोरगा दिवसभर ऑफिसात. नातीशी बोलायला त्याला रजा टाकायला लावू?"

मुलाला मात्र कौतुक. "पहिली परीक्षा पास झालीस की त्याच दिवशी तिकीट!"

क्लासला सगळ्या नर्सिंगच्या पोरी आणि मी एकटी आजी. मॅडमसुद्धा मला अक्का म्हणायच्या. चार महिने घोकलं. पोळ्या लाटतानाही घोकलं.

तोंडी परीक्षा घरूनच, कॉम्प्युटरवर, समोर जर्मनीतले एक साहेब. सगळं बोलणं जर्मनमध्ये. म्हणाले, "मी तुमच्या घरी पाहुणा आलोय. मला चहा विचारा. मी जे म्हणेन, त्याप्रमाणे पुढे बोला."

एवढंच? मला तर तिकीट हातात दिसायला लागलं!

"चहा घेणार?"

"नाइन, डांके."

'नाइन' म्हणजे 'नाही', 'डांके' म्हणजे 'आभारी', हे मला चांगलं येत होतं बरं का! पण पहिल्या 'नाही'ला 'नाही' समजतं का कुणी? आपल्याकडे पाहुणा लाजतोच.

"थोडासा घ्या."

"नको. मला फक्त पाणी द्या."

बघा, पाण्यावर आला! बिचारा नक्कीच उपाशी. म्हटलं, "नुसतं पाणी नाही. भाकरी खा. भरीत खा."

"नको, माझं जेवण झालंय."

"एकच भाकरी. छोटी."

साहेब घड्याळ बघायला लागले. आता हा निघतोय की काय? मी घाबरले. "बसा! जेवल्याशिवाय जायचं नाही!" मास्तरीण पोराला दटावते तसं म्हटलं, अगदी शुद्ध जर्मनमध्ये. आणि खरंच उठून स्वयंपाकघरात गेले की हो! कालचे बिबडे, आमचे ज्वारीचे पापड, होते, ते ताटलीत घेऊन आले. येऊन बघते तर पडद्यावर साहेब नाहीत. वेळ संपली होती.

संध्याकाळी निकाल आला. नानांनी चष्मा लावून मोठ्याने वाचला: बोलणं उत्तम. ऐकणं शून्य. नापास.

मी आपली अजून तीच ताटली धरून उभी. नातीचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

नाना मात्र खो खो हसत सुटले. "ह्यानासाठे एवढी फी भरी? मी चाळीस वरीसपाईन हाईच सांगी राहिनू, फुकटमा!"

नाना काय म्हणाले ते मला दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं. मी तेव्हा मॅडमना फोन लावून विचारत होते, "ते सगळं राहू द्या हो, पण माणूस उपाशीच गेला ना?"