केळीवाले पाहुणे

आमचे हे शिलाई मशीनचे मेकॅनिक. कंपनी पाठवेल त्या गावी जायचं, कारखान्यातली मशीनं दुरुस्त करायची आणि परत आल्यावर तिथल्या खाण्याच्या गोष्टी सांगायच्या. एरवी तोंडातून शब्द निघेल तर शपथ! पण दौऱ्याहून आले की दोन्ही मुली त्यांना चिकटायच्या. "बाबा, या वेळी काय खाल्लंत?" मग तळलेले किडे काय, आंबवलेल्या मुळ्यांचं काळं सरबत काय! घरी भाजीत तिखट जरा जास्त झालं की कपाळाला आठ्या घालणारा माणूस बाहेर किडे खातो, याचं मला भारी कौतुक.

या खेपेला मुलींना बहिणीकडे ठेवून मीही सोबत गेले. ह्यांच्या नेहमीच्या खानावळीत आम्ही टेकतो न टेकतो, तोच मालकीणबाई लगबगीनं आल्या आणि ह्यांच्यापुढे पाव नि दोन केळी ठेवून मोकळ्या! "तुमचं नेहमीचं," म्हणाल्या. "आणि वहिनी, तुम्हालाही केळीच का?"

ह्यांनी मान खाली घातली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतकी वर्षं मला चक्क बनवलं!

"मला किडे आणा," मी ठसक्यात म्हटलं, "आणि ते काळं सरबतही."

डोळे मिटून एक तोंडात टाकला. अगं बाई, काय कुरकुरीत! भाजलेल्या शेंगदाण्यासारखा. सरबत मात्र असलं आंबट की डोळ्यांत पाणी आलं, तरी पेला रिकामा केला. हे बिचारे केळं सोलत बसले होते.

खोलीवर आल्यावर विचारलंच, "का हो थापा मारल्यात?"

"पहिल्यांदा गंमत म्हणून सांगितलं. मुली ऐकत बसल्या. एरवी माझं कोण ऐकतं?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. घरात सगळं बोलणं माझंच, हे काही खोटं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"पोरींना सांगणार का गं?" त्यांनी विचारलं.

परतल्यावर मुलींना आणायला बहिणीकडे गेलो, तर घरात शिरल्या शिरल्या धाकटीनं मलाच गाठलं. "आई, तू तर पाहिलंस ना? बाबा खरंच किडे खातात?"

बूट काढता काढता हे थांबले.

"खातात म्हणजे काय!" मी म्हटलं. "माझ्या बशीतलेसुद्धा पळवले. सांगा हो तुम्हीच."

हे सांगू लागले. सगळं संपेपर्यंत मी मध्ये एक शब्द बोलले नाही.