म्हसोबा, जपानमार्गे

माझी मुलगी सव्वा महिन्याची झाली तेव्हा माझ्या वडिलांनी एकच मागणी केली होती. तिला गावी, कुंभारीला आणून बांधावरच्या म्हसोबापुढे ठेवायचं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. शेंदूर फासलेल्या दगडापुढे बाळ ठेवणं माझ्या पदवीत बसत नव्हतं. मी त्यांना जंतुसंसर्गाबद्दल अर्धा तास समजावलं. मेंढरांत आयुष्य गेलेल्या त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. मात्र त्यानंतर सोलापूरला आमच्या घरी आले की ते नातीला उचलून घेत नसत. ‘अजून देवाला दावली न्हाय की,’ एवढंच म्हणत आणि लांबूनच तिच्याकडे बघत बसत.

दोन वर्षांनी आमच्या टॉवेल कारखान्याने मला नव्या मागाचं काम शिकायला जपानला पाठवलं. त्याबद्दल मी मालकांचा आजही ऋणी आहे. तिथे शिकवणारे वयस्कर गृहस्थ एका रविवारी मला त्यांच्या वस्तीतल्या शिंतो देवळात घेऊन गेले. लाकडी कमान, हात धुवायला पाण्याचं टाकं, आणि मूर्ती कुठेच नाही, नुसतं बंद दार. मी सवयीने बूट काढायला वाकलो, तर त्यांनी राहू द्या म्हणून खुणावलं. देव कोणता, असं मी विचारलं. मोबाईलवर भाषांतर करत त्यांनी सांगितलं की हा काही मोठा देव नव्हे, कालव्यापासून टेकडीपर्यंतच्या माणसांपुरता आहे. बाळ महिन्याचं झालं की आजी त्याला इथे आणते आणि देवाला सांगते, हे आपल्यातलं. मला गहिवरून आलं. किती जुनी आणि किती सुंदर संस्कृती! मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

परतल्यावर कुंभारीला जाऊन वडिलांना फोटो दाखवत हे सारं सांगितलं. बंद दाराच्या फोटोवर ते थांबले.

“म्हंजी म्हसोबाच की,” ते म्हणाले. “म्या सांगितलं तवा जंतू. जपान्यानं सांगितलं की संस्कृती.”

पुढच्या रविवारी आम्ही मुलीला बांधावर नेलं. दोन वर्षांचं मूल दगडापुढे ठेवणं सोपं नसतं, ती सारखी उठून पळत होती. शेवटी मीच तिला मांडीवर घट्ट धरून म्हसोबासमोर बसलो. वडिलांनी टोपी काढली आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं देवाला सांगितलं, “ही आपलीच हाय. जरा उशीर झाला. बाप शिकत व्हता.”

मग त्यांनी नातीला पहिल्यांदाच उचलून खांद्यावर घेतलं आणि थेट मेंढरांच्या कळपाकडे निघाले. जंतूंविषयी मी काही बोललो नाही.