पहिला गोल सोडायचा

पोटावरचा लाल रंग मी ओल्या फडक्यानं पुसत होते आणि त्याच्याखाली निळं दिसायला लागलं. डाव्या बरगडीखाली, तळहाताएवढं. मालकांचं, माझ्या नवऱ्याचं, अंग गार पडलं होतं, ओठ पांढरे झाले होते आणि पोट फळीसारखं कडक लागत होतं. बाहेर अंगणात त्यांच्या टीमचे गडी "जिंकलो, जिंकलो" म्हणून ओरडत होते. ज्यांनी मालकांना जुन्या दारावर घालून माळावरून आणलं, तेही हसत होते.

रंग बनियनचा होता. आमचे लोक हातमागाच्या कारखान्यात कामाला. सूत रंगवायच्या पिंपात जुनी बनियनं बुडवून त्यांनी फुटबॉलचे कपडे केले होते. घाम आला की रंग अंगाला लागायचा. त्यामुळे मार कुणाला दिसला नाही.

"भावजी, टांगा आणा," मी म्हटलं.

"धाप लागलीय दादाला. गुळाचा च्या पाजा वहिनी, उठून बसतोय बघा."

"पानथरी फुटलीय. टांगा आणा म्हणते ना."

तेव्हा दिराचं हसू गेलं. तो पळाला.

पानथरीचं त्याला ठाऊक होतं. आधी मालक राहुरीकडे पाटाच्या कामावर होते, तिथून हिवताप घेऊन नगरला आले. एक दिवसाआड हुडहुडी भरायची. ताप मुरून मुरून डाव्या कुशीतली पानथरी, म्हणजे प्लीहा, इतकी वाढली होती, की हात ठेवला तर दगडासारखी लागायची. लढाई चालू होती, हिवतापावरचं कोयनेल मिळत नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, की याच्या पोटाला मार लागू देऊ नको, पानथरी फुटली तर माणूस हाती लागत नाही. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं आणि या दिरालाही सांगितलं. हा मालकांचा धाकटा चुलतभाऊ. टीमचा कॅप्टन तोच.

तो म्हणाला, "दादाला मी पळवतच न्हाई, वहिनी. गोलात उभा करतो. उभं ऱ्हायला काय लागतंय?"

मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "दिवसभर मागावर बसतोय, ताप आला तर अंथरुणावर पडतोय. तेवढंच जरा मोकळं वाटतं." हुडहुडीच्या दिवशी मॅच आली तर खांद्यावर घोंगडी घेऊन गोलात उभे राहायचे. लोक हसायचे.

त्या वर्षी पलटणीच्या कॅम्पाजवळच्या माळावर बक्षिसाच्या ढालीसाठी मॅची लागल्या. हरला तो घरी गेला, असा नियम. मला तो नियम आवडला. एकदा हरले की सुटलो, असं मी धरून चालले होते.

पहिल्या मॅचला मी घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसले होते. कुणीतरी ओरडत आलं, की आपल्यावर गोल बसला. मला बरं वाटलं. चुलीवर पिठलं टाकलं. पिठलं होतंय तोवर आमच्यांनी गोल फेडला आणि संपता संपता वर एक चढवला. दुसऱ्या मॅचला तसंच. तिसऱ्यालाही तसंच. मी हरायची वाट बघायची आणि ते शेवटच्या घटकेला जिंकून यायचे.

लोक म्हणायचे, काय हिंमत आहे. मला विचाराल तर समोरचे भरल्या पोटी यायचे आणि शेवटी दमायचे. आमचे सकाळपासून पायानं मागाच्या पावड्या दाबणारे. त्यांच्या पायांना सवय होती.

जिंकले की सगळे आमच्याच घरी. चहा मी करायचा, बनियनं मी धुवायची. धुताना रंग माझ्या हातांना लागायचा आणि तोच हात कांडीच्या पांढऱ्या सुताला लागला की कारखानदार बोलायचा. मी दमून गेले होते.

"अहो, एकदा हरा की," मी मालकांना म्हटलं.

"मी काय करू? माझ्या हातनं पहिला सुटतोच. म्होरं हे फेडत्यात."

"मग तुमी घरी बसा."

"आता मधीच कसा बसू? हासतील."

तिसरी मॅच जिंकल्यावर दिराच्या डोक्यात नवीनच शिरलं. आपल्यावर आधी गोल बसला तरच आपण जिंकतो, हे त्याचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलं. सासूबाईंनाही पटलं. चौथ्या मॅचला निघताना त्यांनी मुलाची मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली आणि म्हणाल्या, "पहिला गोल जाऊ दे रे बाबा त्येंचा."

मी म्हटलं, "आत्याबाई, गोल जाईल, यांचा ताप कुठं गेलाय अजून?"

"तुझं तोंडच कडू," त्या म्हणाल्या.

चौथी मॅच पलटणीच्या टीमशी होती. त्यांच्या पायात बूट, आमचे अनवाणी. पुढचं मला मालकांनीच नंतर सांगितलं. अर्धी मॅच झाली तरी कुणाचाच गोल झाला नाही. आमचे घाबरले. गोल बसला नाही म्हणून घाबरलेली टीम मी दुसरी ऐकली नाही. मग बॉल आमच्या गोलाकडे आला, मागून एक शिपाई धावत आला आणि दीर लांबून ओरडला, "दादा, सोड! यिऊ दे!"

"सोडायचा म्हणून हात मागं घेतला," मालक म्हणाले. "मग वाटलं, डोळ्यांदेखत चाललाय, कसा सोडू? म्हणून पडलो त्याच्यावर."

या दोन विचारांत जेवढा वेळ गेला तेवढ्यात शिपायाचा बूट पोटात बसला. बॉल निसटून गोलात गेला. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांना खांबाशेजारी घोंगडीत बसवलं, दुसऱ्याला गोलात घातलं आणि खेळ चालू. मालकही म्हणाले, खेळा तुम्ही. शेवटी आमच्यांनी दोन गोल मारले. तोवर घोंगडीकडे कुणी बघितलं नाही.

टांगा आला. दवाखान्यात तेच डॉक्टर होते. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी सांगितलं होतं सगळ्यांना. ते म्हणाले, आता पोट उघडावं लागेल, रक्त लागेल, कोण देतंय?

व्हरांड्यात सगळी टीम उभी होती. एक जण हळूच म्हणाला, "रईवारी फायनल हाय. रगत दिल्यावर पळवंल का?"

"रईवारी तिरडी घिऊन चालायचं झालं तर चालवंल का?" मी म्हटलं.

दिरानं बाही वर केली. "आधी माझं बघा," तो डॉक्टरांना म्हणाला. त्याचंच रक्त जुळलं. बाटलीत रक्त पडताना तो भिंतीकडे तोंड करून होता.

डॉक्टरांनी पानथरी काढून टाकली. सासूबाईंनी विचारलं, "तिच्याबिगर माणूस जगतो का हो?"

"बघू," डॉक्टर म्हणाले.

रविवारी फायनल झाली. संध्याकाळी दीर एकटाच आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. चेहरा पिठासारखा.

"हारलो, दादा."

"किती बसलं?"

"तीन."

"फेडलं किती?"

"एक बी न्हाई."

मालकांनी पाणी मागितलं. मी दिलं. मला वाईट वाटलं नाही आणि आनंद व्हायला अंगात जोर नव्हता. खाटेवरच्या माणसाला रात्रीपासून पुन्हा ताप होता.

पुढं जखम पिकली. खोलीत वास यायचा. पाणी उकळायचं, पट्ट्या धुवायच्या, घरी जाऊन कांड्या भरायच्या आणि परत यायचं, असं चाललं. सासूबाई सकाळी बसायच्या, संध्याकाळी मी. दीर कामावरून सुटला की यायचा, मालकांचे पाय चेपत बसायचा. शेजारच्या खाटेवरची माणसं बदलत राहिली, काही चालत घरी गेली, काहींना उचलून न्यावं लागलं.

मालक वाचले.