गनिमी काव्यावरची लाल रेघ

छपाईयंत्रातून नुकत्याच निघालेल्या कागदाचा कोमट वास आला, की एक लाल पेन्सिल माझ्या कानात टेबलावर टकटकू लागते. ती टकटक थांबली, की समजावे, मास्तरांना शब्द खुपला आहे.

“बाई, हा शब्द कुणाच्या घरचा?”

श्रीपूरकडे इतिहास शिकवून निवृत्त झालेले मास्तर नवी पेठेतल्या आमच्या सायंदैनिकात मुद्रितशोधक होते. खुर्चीत ते कधी टेकले नाहीत. टेबलाभोवती येरझाऱ्या घालत, त्यावर पेन्सिल टकटकवत वाचत. लग्नपत्रिका हाती दिली तरी आधी पेन्सिल काढणारी अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील.

त्या पहाटे एका बिल्डरने बुलडोझर आणून शेजारच्या गल्लीतल्या बांगडीवाल्यांच्या टपऱ्या भुईसपाट केल्या होत्या. मी मथळा दिला: ‘पहाटेचा गनिमी कावा’. त्यातला नाद मला आवडला होता.

टकटक थांबली.

“गनीम म्हणजे शत्रू. बलाढ्य फौजेनं आपल्याला ठेवलेलं नाव. कावा म्हणजे घोड्याला घेर घ्यायला लावणं. मूठभर माणसं, दमलेली घोडी. जगून लढायचं, म्हणून काढलेली वाट ती. बुलडोझरवाल्याला कसला आलाय गनिमी कावा? ह्यात मूठभर कोण हाय, सांगा की!”

“बांगडीवाले,” मी पुटपुटले.

“मग?”

त्यांनी मथळ्यावर रेघ ओढली आणि लिहिले: ‘बांगडीवाल्यांच्या टपऱ्या मोडल्या’. मथळा बदलायचा तर उपसंपादकाची, म्हणजे माझी, सही लागे. मी केली.

दुसऱ्या दिवशी बिल्डरने जाहिराती बंद केल्या. संपादकांनी आम्हा दोघांना आत बोलावले.

“मास्तर, कुणाला विचारून मथळा बदललात?”

माझ्या सहीचा कागद मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात होता. घडी बाहेरून दिसत होती. त्यांनी तो काढला नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. काचेवर एक माशी पुनःपुन्हा आपटत होती. मी तिच्याकडे पाहत राहिले.

“उद्यापासून येऊ नका,” संपादक मास्तरांना म्हणाले.

त्यांना अखेरचे पाहिले ते जिन्यात. खालच्या गल्लीत कुणीतरी फुटक्या बांगड्या झाडत होते. काचांची ती किणकिण पायरीपायरीने वर येत होती. मी धावत त्यांना गाठले.

“मास्तर, मी बोलायला हवं होतं.”

माझ्या डोक्यावर त्यांनी क्षणभर हात ठेवला. मला वाटले, आता म्हणतील, जाऊ द्या.

“व्हय.”