अण्णांच्या डाव्या डोळ्यातलं ऊन

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या कामाच्या खोलीत दिवसभर एकच दुपार असायची. बाहेर सकाळ असो, ढग भरून आलेले असोत, खाली रस्त्यावर रिक्षावाल्यांची जुंपलेली असो. माझ्या पडद्यावर मलकापूरजवळच्या एका गोठ्यात ऊन उतरलेलं असायचं. मी त्या उन्हात बसून असायचे. कधी कधी संध्याकाळी घरी जायला उठले की जिन्यात क्षणभर कळायचं नाही, बाहेरची वेळ खरी की आतली.

मी कॉम्प्युटर गेममध्ये उजेड करते. कामाचं याहून सोपं वर्णन मला अजून सापडलेलं नाही. एक मैत्रीण आणि मी, दोघींनी मिळून एक छोटा गेम करायला घेतला होता. मारामारी नाही, शर्यत नाही. डोंगराकडेच्या एका वस्तीत वासरू हरवलंय आणि खेळणाऱ्यानं ते शोधत हिंडायचं, एवढंच. कोड ती लिहायची. भिंती, कौलं, जनावरं आणि त्यांच्यावर पडणारा उजेड माझ्याकडे होता.

आता उजेड पडतो म्हणजे नुसता पडत नाही. कौलांमधल्या काचेतून आलेलं ऊन शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडतं, तिथून उसळून कुडाच्या भिंतीवर जातं, भिंतीवरून म्हशीच्या पोटावर. जाईल तिथला थोडा रंग घेऊन पुढं जातं. गेम चालू असताना साध्या फोनला हा सगळा हिशेब झेपत नाही. म्हणून तो आधीच करून ठेवायचा आणि तयार झालेला उजेड भिंतींवर रंगासारखा चढवून टाकायचा. आमच्या धंद्यात याला लाइट बेक करणं म्हणतात. आईला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती चपात्या भाजत होती.

"उजेड भाजतीस?" ती म्हणाली. "मग करपला म्हंजे?"

करपतो, खरंच करपतो. कोपरे पांढरे पडतात, सावल्या काळ्याठिक्कर होतात. मग सगळं पुन्हा.

गोठा आमचाच होता. मलकापूरला होतो तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, दूध संकलनाच्या कामावर होते आणि घरच्या दोन म्हशी होत्या. शाळेतून आले की मी वैरणीच्या ढिगावर आडवी व्हायचे आणि काचेच्या कौलातून आलेला उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकताना बघत बसायचे. तो म्हशीच्या पाठीवर चढायचा तोवर मला झोप लागलेली असायची. पुढं आम्ही कोल्हापूरला आलो. गोठा विकला, ज्यांनी घेतला त्यांनी तो पाडून पत्र्याची शेड बांधली. फोटो एकही नव्हता. म्हणून मी तो आठवणीतून बांधत होते आणि अडलं की अण्णांना विचारत होते. जेवणानंतर ते रोज फिरत फिरत खोलीवर यायचे, माझ्यामागं खुर्ची ओढून बसायचे आणि पडद्याकडं बघत राहायचे. बहुतेक वेळा काही बोलायचे नाहीत. एकदा म्हणाले, "वास तेवढा न्हाय बघ."

अडचण होती ती आमच्या जुन्या मशीनची. त्याच्यात कामाचं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, सगळा भार एकट्या प्रोसेसरवर. सकाळी बेक लावला की दिवेलागणीला उजेड तयार व्हायचा. मधल्या वेळात मशीन दुसऱ्या कशाला हात लावू द्यायचं नाही. मला खरं तर त्या वाट बघण्याची सवय झाली होती. पंखा घरघरायचा, खालच्या शिकवणीतून रसायनशास्त्राची सूत्रं वर यायची, मी खिडकीशी बसून समोरच्या गॅलरीतल्या साड्या वाळताना बघायचे. मैत्रीण मात्र वैतागली होती. कोल्हापूरच्या पुष्कळ मुलींसारखी तीही स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलते.

"मी सांगतो तुला," ती म्हणाली, "तुझी म्हस सावलीतनं उन्हात येईस्तोवर मी म्हातारा हुईन. मशीन बदलायचं. कुठलं घ्यायचं ते तू बघून ये."

शाहूपुरीत कॉम्प्युटरचं दुकान असलेले एक गृहस्थ ओळखीचे होते. गडहिंग्लजकडचे, घरात कानडी, दुकानात मराठी. मी त्यांना सांगितलं की मला माहितीपत्रकावरचे आकडे नकोत, माझा गोठा तुमच्या मशीनवर लावून बघायचाय.

"लावा की," ते म्हणाले. "दुपारी गिऱ्हाईक न्हाय काय न्हाय. शटर अर्धं ओढतो, तुम्ही बसा निवांत."

अशा माझ्या दुपारी शाहूपुरीत सुरू झाल्या. अर्ध्या शटरखालून रस्त्याचा उजेड फरशीवर पट्टीसारखा यायचा आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. ते गृहस्थ खुर्चीत पेंगायचे, मध्येच फोनवर त्यांच्या अक्काशी कानडीत बोलायचे. मी एकच गोठा, तेच ऊन, त्याच मापाचं काम एकेका मशीनवर लावून बघत होते.

पहिल्या मशीनमध्ये भरपूर कोअरचा, म्हणजे एकाच वेळी अनेक हिशेब करणारा, नवा प्रोसेसर होता. त्यानं निमूटपणे, कुठंही न अडखळता काम केलं. जेवून बेक लावला, चारच्या चहापर्यंत उजेड तयार. उत्तम, पण तरी अख्खी दुपार गेली. मग ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर म्हणजे मोजके तगडे गडी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे बारक्या बारक्या हजारो हातांची फौज. प्रत्येक किरणाचं काम छोटं आणि सारखंच असल्यामुळं या फौजेला ते फार मानवतं. सुरुवातीला पडद्यावर सगळीकडं ठिपकेच ठिपके होते.

दुकानदार जागे होऊन वाकून बघू लागले. "मॅडम, हे तर रवा सांडल्यागत दिसतंय."

"थांबा, बसेल खाली," मी म्हणाले.

आणि बसायलाही लागला. भिंत उमटली, दावण उमटली. पण मध्येच सगळं एकदम मंदावलं. त्या कार्डाची स्वतःची मेमरी लहान होती. माझा गोठा, त्यातली वैरणीची काडी न् काडी, तिच्यात मावेना. मग सॉफ्टवेअरनं काम गुपचूप प्रोसेसरकडं परत ढकललं आणि वेगवान म्हणून लावलेलं मशीन साध्या मशीनच्याही मागं पडलं. मला त्या दिवशी समजलं की वेगाइतकंच महत्त्व पोटात किती मावतं याला आहे. दुकानदार म्हणाले, "मोठ्या पोटाचं मागवतो, तीन आठवडे थांबा."

त्या तीन आठवड्यांत घरी वेगळंच घडलं.

अण्णांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधीच ठरलं होतं, ते झालं. पट्टी निघाली त्या दिवशी ते घरभर हिंडून भिंती बघत होते. "आपल्या भिंती पांढऱ्या हायेत व्हय? मी आपला पिवळ्या समजून चाललोय." आईची साडी निळी आहे हे त्यांना नव्यानं कळलं. सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी डोळ्यावर काळा चष्मा लावून ते माझ्याबरोबर खोलीवर आले आणि चष्मा काढून पडद्यासमोर बसले.

बराच वेळ ते एकदा हा डोळा झाकत होते, एकदा तो.

"काय झालं, अण्णा?"

"नव्या डोळ्यानं बघितलं की चुना मारल्यागत दिसतंय," ते म्हणाले. मग उजव्या डोळ्यावर हात ठेवून डाव्यानं पाहू लागले आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "गोठा ह्या डोळ्यात हाय."

मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही. पण पंधरवड्यानं डाव्या डोळ्याची तारीख ठरवायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "दुसरा राहू दे. एकानं भागतंय."

आई चिडली. "आन् डॉक्टरला काय सांगायचं? डोळ्यात म्हस बांधलीया म्हणून?"

अण्णा कधी नव्हे ते ताटावरून अर्धवट उठले. मी त्यांच्यामागं गॅलरीत गेले. ते तिथं उभे राहून समोरचा रस्ता डाव्या डोळ्यानं बघत होते.

"तुला खुळचटपणा वाटंल," ते म्हणाले. "पर गेल्या कैक वर्षांत मी जे काय बघितलं ते असंच बघितलंय. मध लावल्यागत. तुझा गोठा बी. डोळा बदलला की ते गेलं."

मी त्यांना खुळे म्हणू शकले नाही. मोतीबिंदूनं डोळ्याचं भिंग पिवळट होतं हे मला माहीत होतं. उजेडाच्या धंद्यातल्या माणसाला तेवढं माहीत असतं. पण त्या पिवळ्या भिंगामागं माझ्या वडिलांचं म्हातारपण किती सुखानं बसलंय हे माहीत नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या नव्या डोळ्याला तसंच दिसेल असं ऊन मी करून देते. मग तर ऑपरेशन कराल?"

"जमंल?"

"बघू की."

युक्ती सोपी होती. दोन पडदे शेजारी ठेवायचे. एकावर आहे तसा गोठा, तो अण्णांनी डाव्या डोळ्यानं बघायचा. दुसऱ्यावरचं ऊन मी बदलत राहायचं आणि तो त्यांनी उजव्या डोळ्यानं बघायचा. दोन्ही सारखे दिसले की झालं. पण उन्हाचा रंग जरा हलवला तरी तो जमिनीवरून, भिंतीवरून, म्हशीच्या पोटावरून नव्यानं उसळायचा, म्हणजे दर वेळी अख्खा बेक पुन्हा. जुन्या मशीनवर दिवसाला एकच बदल झाला असता आणि कालचं ऊन कसं होतं हे आज कुणाला आठवणार?

म्हणून मोठ्या मेमरीचं कार्ड आल्याचा फोन आला तेव्हा मी अण्णांना स्कूटरवर मागं बसवून शाहूपुरीला घेऊन गेले. दुकानदारांनी त्यांना आधी खुर्ची दिली. "या पावणं, बसा."

मी बेक लावला. रवा सांडला, रवा बसला, भिंत आली, दावण आली, काचेखालचा उन्हाचा तुकडा आला. कुठं अडलं नाही. दुकानदारांनी मागवलेला चहा अजून ग्लासात गरम होता. मी डोळे भरून बघत राहिले. एकच खोट होती. उरलेले ठिपके पुसायची जी सोय असते ती लावली, तर तिनं कुडाच्या फटींतून येणाऱ्या बारीक उन्हाच्या रेघाही पुसून टाकल्या. मी ती सोय बंद केली आणि किरण वाढवले. वेळ थोडा जास्त लागला, रेघा परत आल्या. प्रोसेसरनं केलेला गोठा आणि हा, दोन्ही शेजारी लावून पाहिले. मला फरक सापडला नाही.

"हेच," मी दुकानदारांना म्हणाले.

ते मशीन खोलीवर आल्यानंतरच्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात संथ दुपारी होत्या, मशीन इतकं वेगवान असूनही. अण्णा एक डोळा झाकून बसायचे. मी ऊन हलवायचे. "अजून मध." "आता लई झालं, हळदच की." "सावली जरा तांबूस असती, काळी न्हाय." एवढं बोलणं होईस्तोवर नवा गोठा तयार असायचा आणि ते लगेच डोळे बदलून बघायचे. बेकच्या मधल्या त्या छोट्या फटींत ते बोलायला लागले. थोरली म्हैस कुणाकडून आणली, व्याली तेव्हा मी तिच्या पुढ्यात कशी झोपलेली होते, गोठा विकला त्या दिवशी ते मोकळ्या दावणीशी उगीच बसून राहिले होते. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मैत्रीण हेडफोन लावून कोड लिहायची. नंतर माझ्या लक्षात आलं की हेडफोनमध्ये गाणं सुरूच नसायचं.

एका दुपारी अण्णांनी डावा डोळा झाकला, उजवा झाकला, परत डावा झाकला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि दोन्ही डोळ्यांनी दुसऱ्या पडद्याकडं बघत राहिले. मी पुढचा बदल विचारला नाही. खाली शिकवणी सुटली, जिन्यात चपलांचा गलका झाला आणि ओसरला.

"सांग डॉक्टरला," ते म्हणाले. "येतो म्हणावं."

दुसरं ऑपरेशनही नीट झालं. डोळा पुरता बरा झाल्यावर ते खोलीवर आले. मी त्यांचा मधाळ गोठा पडद्यावर लावला. त्यांनी मान तिरकी केली, जवळ गेले, मागं आले.

"जरा पिवळं वाटतंय की गं."

मी आणि मैत्रिणीनं एकमेकींकडं पाहिलं. मी आधीचा पांढरा गोठा लावला.

"हां," ते खूश होऊन म्हणाले. "हे कसं ब्येस हाय. कौल न् कौल दिसतंय."

मला हसू आलं. त्यांना मी काही आठवण करून दिली नाही. डोळ्यांना लगेच सवय होते म्हणतात. माणसालाही होत असावी. गेममध्ये कुठलं ऊन ठेवायचं हे मैत्रिणीला विचारलं तर तिनं माझ्याकडं न बघताच सांगितलं, "मधाचं. विचारायचं काय त्यात?" तेच ठेवलं.

त्या संध्याकाळी अण्णांना मागं बसवून मी स्कूटर काढली. राजारामपुरीत गर्दी होती, दुकानांचे दिवे नुकते लागत होते. गल्लीच्या तोंडाशी येताच ते मागून मोठ्यानं दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. दंतवैद्य. शिलाई मशीन दुरुस्ती. इंग्रजी संभाषण वर्ग. एकही पाटी सोडली नाही. सिग्नलला शेजारी उभा असलेला मोटरसायकलवाला हसून आमच्याकडं बघत होता. सिग्नल सुटला तरी मी गाडी हळू चालवत राहिले, कारण पुढच्या पाट्या बारीक अक्षरात होत्या आणि त्यांना त्या सगळ्या वाचायच्या होत्या.