दाढेचं वर्ष

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी रत्नागिरीत एका घराच्या माडीवर खोली घेतली होती. माझं गाव नाटे, तिथून रोजची ये-जा जमणारी नव्हती. खोलीत माझ्यासोबत हेदवीची एक मुलगी होती, माझ्याच वर्गातली. फार बोलकी. माझी खाट खिडकीकडे आणि तिची दाराकडे, हेही तिनेच ठरवलं.

माझ्या डावीकडच्या खालच्या दाढेला कीड लागली होती. आमच्या घरात दातांच्या डॉक्टरकडे कधी कोणी गेलेलं नव्हतं. दुखलं की लवंग धरायची, त्यानेही भागलं नाही तर गोळी घ्यायची. मीही तेच करत राहिले. प्रॅक्टिकल, जर्नल, परीक्षा, मध्ये चहा-बिस्किटं. कित्येकदा दात न घासताच झोपायचे.

दिवाळीनंतर तोंडाला वास येऊ लागला. मला तो स्वतःलाच जाणवायचा. मग मी तिच्याशी बोलताना तोंड दुसरीकडे करू लागले. पुढे बोलणंच कमी केलं. मेसमध्ये एका बाजूने चावायला वेळ लागतो, म्हणून सगळे उठून गेल्यावर जेवायला जायचे. आमटीत भात कालवून गिळायचे.

एकदा ती घरून नारळाच्या वड्या घेऊन आली. तिच्या आईने मुद्दाम माझ्यासाठी वेगळा डबा दिला होता. गोड लागलं की दाढेतून कळ थेट कानात जायची. नंतर खाते म्हणून मी डबा फळीवर ठेवला. पुढच्या आठवड्यात तिने तो उघडला तेव्हा वड्यांना बुरशी आली होती. तिने डबा घासून आणला आणि बॅगेत ठेवला. महिना संपताच ती दुसऱ्या मुलींच्या खोलीत राहायला गेली. सोयीचं पडतं, एवढंच सांगितलं.

फेब्रुवारीत एका सकाळी उठले तर गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता, अंगात ताप होता. एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी एक्स-रे बघितला आणि आत पू झालाय, दाढ वाचणार नाही, असं सांगितलं. आधी औषधं दिली, सूज उतरल्यावर काढायला बोलावलं.

दाढ काढायच्या दिवशी इंजेक्शन भरता भरता त्यांनी विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

त्यांनी मान हलवली आणि कामाला लागल्या. दाढ काढताना दुखलं नाही. तरी डोळ्यांतून पाणी येत राहिलं.

बाहेर बाकावर कापसाचा बोळा दाबून बसले असताना आईचा फोन आला. "जेवलीस काय गो?" तिने विचारलं. मला नुसतं हुं करता आलं. रेंज नाही वाटतं, असं म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ती हेदवीची मुलगी माझ्या गालाकडे बघत जवळ आली. मी तिला सगळं सांगितलं, वासाचंही.

"मला वाटायचं, तुला माझा कंटाळा आलाय," ती म्हणाली.

तेव्हापासून आम्ही पुन्हा बोलू लागलो, बहुतेक अभ्यासाचंच. नव्या खोलीत तिचं बस्तान बसलं होतं. परत ये, असं मी म्हटलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही. दाराकडची खाट वर्षअखेरीपर्यंत रिकामीच राहिली. मी त्या खाटेवर पुस्तकं ठेवू लागले.