पोदेराचा गुडघा आणि माझी टाकी

मंडळी, आज माझ्या समाजसेवेची चांगलीच फजिती झाली आणि तरी मी भलताच खूश आहे!

धारगळला आमच्या फाटकासमोरचं वळण शेवाळी झालं होतं. सायकलवरून पाव विकणारा आमचा पोदेर, बाबलो, तिथे या महिन्यात तीनदा पडला. दर वेळी मी धावतो. गुडघ्याला पट्टी, हातात चहा, आणि दुखणं विसरावं म्हणून चौथीच्या पुस्तकातली एखादी कविता. केवढं पुण्य, असं मला वाटायचं.

आज सकाळी तो पुन्हा पडला. टोपलीतले पाव चिखलात लोळले. पट्टी बांधत मी पहिलं कडवं म्हटलं, तर तो म्हणाला, "मास्तरानू, पट्टी बरी, च्या बरी, कविताय बरी. पण माका पाडता ता तुमच्याच टाकयेचा पाणी!"

वळून पाहिलं. पंप बंद करायला मी रोज विसरतो, टाकी भरून वाहते आणि पाणी थेट वळणावर!

मग दोघांनी कुदळ घेऊन पाट खणला, पाणी माडाच्या आळ्यात सोडलं, शेवाळ खरवडलं.

संध्याकाळी पों-पों भोंगा वाजवत बाबलो वळणावरून सुखरूप गेला. आनंद झाला, पण खरं सांगू, जरा रितंही वाटलं. आता कविता कुणाला ऐकवू?

तेवढ्यात सायकल मागे फिरली. "मास्तरानू, आज गुडघो फुटाक नाय, तरी च्या मिळतली मां? आणि सकाळची कविता अर्धीच रवली!"

मी दोन ऐकवल्या.

तुम्हीही कुणाला पट्टी बांधत असाल. आपली टाकी कधी बघितलीत?